साडेअठरा हजारांचं 'बोर्डमान्य' इतिहास किट

दहावीच्या लेकराला घरीच इतिहास शिकवत असाल आणि 'बोर्डमान्य संपूर्ण इतिहास किट' घेऊन कोणी दारात आलं, तर त्याला खुर्ची देण्याआधी हे वाचून घ्या.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीच्या बाजूला. मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. थंडीत सांधे धरले की आठवडा-आठवडा अंथरूण सुटत नाही, म्हणून शाळा सोडून 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा द्यायचं ठरलं. गणित-विज्ञानाला तालुक्याला शिकवणी आहे. इतिहासाची शिकवणी कोण लावतो? तो विषय माझ्याकडे आला.

हा माणूस आला तो कापसाचे चुकारे झाले त्याच सुमारास. त्यांना हंगाम बरोबर कळतो. गावात कोणाची पोरं घरी शिकतात, हे पानटपरीवर विचारूनच तो थेट आमच्याकडे आला होता. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, आणि बोलणं तर असं की ऐकत राहावं. "काकाजी, शाळेतल्या पोरांना सर असतात. तुमच्या पोरीला कोण आहे? बाहेरून बसणाऱ्यांचे पेपर कडक तपासतात." ही शुद्ध थाप. पेपर तोच असतो, वेगळी तपासणी वगैरे काही नाही. पण आजारी पोरीच्या घरात अशी थाप बरोबर जागी लागते, आणि तिच्यासाठीच ती बनवलेली असते.

बायको म्हणाली, "पुस्तक तं दुकानात भेटते ना. मंग हे एवढं कायले पाह्यजे?" त्यावर त्यानं पत्रक पुढे केलं. वर राजमुद्रेसारखं चिन्ह आणि खाली 'महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक व परीक्षा मंडळ मान्यताप्राप्त'. असं मंडळच अस्तित्वात नाही. पुस्तकं काढते ती पुण्याची बालभारती, आणि परीक्षा घेते ते माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ. दोन वेगळ्या संस्थांची नावं कापून एकत्र शिवली होती. घाईत वाचणाऱ्याला त्यातला टाका दिसत नाही.

किंमत साडेअठरा हजार. साडेतीन हजार रोख, बाकीचे दीड हजाराच्या दहा हप्त्यांत, 'बिनव्याजी'. आधार, पासबुक यांचे फोटो काढले आणि "नोंदणीसाठी" म्हणून माझ्या फोनवर आलेले ओटीपी विचारून घेतले. ते मेसेज इंग्रजीत होते. पुढे बँकेतल्या पोरानं ते वाचून दाखवले, तेव्हा उलगडा झाला: एक कर्जाच्या कराराला संमती देणारा होता, दुसरा खात्यातून दर महिन्याला हप्ता आपोआप कापायला परवानगी देणारा. कर्ज देणारी कंपनी तिसरीच. तिचं नाव त्या माणसाच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं.

आता खोक्यात काय होतं ते सांगतो. पाच पुस्तिका, एक पेन ड्राइव्ह, भिंतीवर लावायचा तक्ता आणि मुलीचं नाव लिहायला जागा सोडलेलं एक चकचकीत प्रमाणपत्र.

पुस्तिका उघडली तर पहिलाच धडा साम्राज्यवाद, मग पहिलं महायुद्ध, रशियन क्रांती. बालभारतीचं दहावीचं पुस्तक 2018 सालीच बदललं. त्यातला पहिला धडा 'इतिहासलेखन : पाश्चात्त्य परंपरा', म्हणजे व्हॉल्टेअर, हेगेल, रांके ही युरोपातली विचारवंत मंडळी. पुढे भारतीय परंपरा, उपयोजित इतिहास, कलांचा इतिहास, प्रसारमाध्यमं, मनोरंजन, खेळ, पर्यटन आणि ऐतिहासिक ठेव्यांचं जतन. जगाचा इतिहास आधीच्या अभ्यासक्रमात होता. म्हणजे रद्दीला नवं कव्हर घालून विकलं होतं. तेही कशासाठी? चाळीस गुणांच्या पेपरात इतिहासाला 28 आणि राज्यशास्त्राला 12 असतात.

पेन ड्राइव्ह तर वरताण. व्हिडिओच्या कोपऱ्यात काळी पट्टी मारून मूळ चॅनेलचं नाव झाकलं होतं, पण आवाज कापायचा राहून गेला होता. धडा संपला की एक बाई गोड आवाजात सांगायच्या, "चॅनेल सबस्क्राइब करा." यूट्यूबवर फुकट असलेलं उतरवून आम्हाला हप्त्यानं विकलं.

सगळ्यात संताप आला तो 'आठवीची उजळणी' या पुस्तिकेचा. 1942 च्या आंदोलनात लिहिलं होतं : 'चिमूर, आष्टी (जि. बीड)'. आमचे वडील बाजेवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "बीडची आष्टी तवा निजामात होती ना बे! हे तं आपली आष्टी हाय." 16 ऑगस्ट 1942 ला ज्या आष्टीत लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले ती आमच्या शेजारची, आजही आष्टी (शहीद) म्हणतात तिला. लिहिणाऱ्यानं नकाशासुद्धा उघडला नव्हता.

त्या माणसाला फोन केला तर उत्तर आलं, "सील फोडलं, आता परत होत नाही." नंतर नंबरच बंद. पहिला हप्ता मात्र वेळेवर कापला गेला.

बँकेत लेखी अर्ज देऊन आपोआप कापणं थांबवता येतं, तसं मी केलं. पण एवढ्यानं कर्ज मिटत नाही. कर्ज कंपनीला वेगळं पत्र द्यावं लागतं, नाहीतर वसुलीचे फोन सुरू होतात. माझ्याकडे झालेच. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा डिजिटल कर्जात सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून बाहेर पडता येतं. ती मुदत करारात लिहिलेली असते. माझ्या हाती करार आला तेव्हा ती उलटून गेली होती, म्हणून सही किंवा ओटीपीच्या आधी कराराची प्रत मागाच. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच कळवा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

बालभारतीच्या संकेतस्थळावर दहावीचं अख्खं पुस्तक फुकट उतरवता येतं. छापील प्रतही किटच्या पुढं चणे-फुटाण्याच्या भावात पडते. पुस्तकातला क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपनं स्कॅन केला की धड्याचं साहित्य उघडतं. कोणतंही गाइड वा किट घेताना एवढंच करायचं : मूळ पुस्तकाची अनुक्रमणिका शेजारी ठेवून धड्यांची नावं जुळवायची. दोन मिनिटांचं काम. पहिलीपासून पुस्तकं नव्यानं बदलायला सुरुवात झाली आहे. दहावीचं बदलेल, तेव्हा आजच्या किटांचा ढीग पुन्हा खेड्यांतच उतरेल, हे आत्ताच लक्षात ठेवा.

आमचं आता पुस्तकावरच चाललंय. पर्यटन आणि ठेव्यांच्या जतनाचे धडे पोरीला आवडले, कारण गांधीजी 1936 साली राहायला आले ते सेवाग्राम तिनं डोळ्यांनी पाहिलंय. रांके मात्र मलाही दोनदा वाचल्याशिवाय उमगत नाही.

हेल्पलाइनवर तक्रार नोंदल्यावर विकणाऱ्यांकडून निरोप आला : तक्रार मागे घ्या, अर्धे पैसे देतो. मी नाही म्हणालो आणि आयोगाचे कागद जमवायला घेतले. सारखी तक्रार असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीनं एकत्र जाता येतं. आर्वी, आष्टी, कारंजा भागात कोणी असं किट घेतलं असेल तर पावती, पत्रक आणि ओटीपीचे मेसेज जपून ठेवा, फोन बदलला तरी ते पुसू नका.