दोन दिवसांचं टीमवर्क वर्कशॉप: पहिला दिवस विसरा, दुसऱ्यासाठी जा (५ पैकी ३ स्टार)

आधीच सांगते, मी नाक मुरडतच गेले होते. फी ऑफिसने भरली पण शनिवार-रविवार आमचे गेले, त्यामुळे मूड काय होता ते समजून घ्या. संस्थेचं नाव लिहित नाही, कारण दोन ट्रेनर होते आणि नाव घेतलं तर एकाच्या नादात दुसऱ्यावर अन्याय होईल.

पहिला दिवस एका सरांचा होता. आवाज मोठा, माईक त्याहून मोठा. आम्ही २४ जण, सगळ्यांना गटांची नावं पाडायला लावली (वाघ, गरुड वगैरे, मी वाघात), मग घोषणा, मग टाळ्या, मग काठ्यांच्या मोळीची गोष्ट. एकटी काठी मोडते, मोळी मोडत नाही. ही गोष्ट मी शाळेत इतक्या वेळा ऐकलीय की सर पुढचं वाक्य बोलायच्या आधी आमच्यातले चारपाच जण तेच पुटपुटत होते. स्लाइड्सवर टकमन या मानसशास्त्रज्ञाचं ते १९६५ चं मॉडेल होतं, टीम आधी जमते, मग भांडते, मग घडी बसते आणि मग कुठे काम करायला लागते. मॉडेल चांगलं आहे पण सरांनी भांडणाच्या पायरीवरून अशी उडी मारली जसं काही ती दुसऱ्यांच्या ऑफिसात येते.

दुपारी रस्सीखेच. वाघ जिंकले, सर म्हणाले बघा एकीचं बळ. आता खरं सांगायचं तर मी सहाव्या नंबरला उभी होते आणि दोरी जेमतेम धरली होती, चेहरा मात्र असा केला होता की सगळा जोर माझाच. पुढच्याचा शर्ट घामाने भिजला होता, माझा हात पण लाल झाला नाही. हे मी कुणाला सांगणार नव्हते, पण दुसऱ्या दिवशी सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी एक मॅडम आल्या, साध्या, माईक न घेता बोलणाऱ्या. आल्या आल्या विचारलं, काल दोरी किती जणांनी मनापासून ओढली? सगळे हात वर. त्या हसल्या आणि रिंगलमनबद्दल सांगितलं. हा फ्रान्सचा शेती इंजिनीअर, त्याने माणसांना दोरी ओढायला लावून जोर मोजला होता, निष्कर्ष छापून आले १९१३ ला. आठ जण एकत्र ओढायला लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढताना लागतो त्याच्या जेमतेम निम्मा भरायचा. म्हणजे सरांनी एकीचं बळ दाखवायला जो खेळ निवडला, नेमका त्याच खेळावर उलटं सिद्ध झालेलं! मी तिथेच फिसकन हसले.

मग त्यांनी पुढचं सांगितलं ते जास्त मजेशीर आहे. थोडा जोर वाया जातो कारण सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत, पण तेवढंच कारण नाही. १९७४ मध्ये काही संशोधकांनी माणसाच्या डोळ्यांना पट्टी बांधून त्याला सगळ्यात पुढे उभं केलं, मागचे लोक नुसतं ओढायचं नाटक करत होते, म्हणजे खरं तर तो एकटाच ओढत होता, आणि तरी मागे माणसं आहेत असं वाटल्यावर त्याचा जोर कमी व्हायचा. नंतरच्या प्रयोगांत असं पण दिसलं की प्रत्येकाचं वेगळं मोजणार आहेत हे माहीत असलं की ही ढिलाई जवळजवळ जाते. इथे मी हात वर करून सहाव्या नंबरचं कबूल केलं. माझ्यामागे आणखी तिघांनी केलं. काल जिंकलेले वाघ.

यानंतर खरा खेळ. १२-१२ च्या दोन गटांत डोळ्यांवर पट्ट्या, हातात एक लांब दोरी, आणि तिचा चौकोन करायचा. वेळ दहा मिनिटं. ऐकायला बालिश वाटतं, करून बघा. पहिल्या मिनिटापासून सगळे एकदम बोलायला लागले, "मी कोपरा आहे", "नाही मी कोपरा", "अरे ढकलू नका". मॅडमनी नंतर सांगितलं की १२ जणांत दोघादोघांच्या ६६ जोड्या होतात आणि २४ जणांत २७६, म्हणून माणसं वाढवली की काम वाढतंच असं नाही, कलकलाट मात्र नक्की वाढतो. आमचा चौकोन शेवटी वांग्यासारखा झाला.

पण मजा त्याच्या पुढे आहे. त्यांनी सगळं मोबाईलवर शूट केलं होतं. लावलं, आम्ही हसलो, आणि मग त्यांनी मागे नेऊन परत लावलं आणि म्हणाल्या, आता फक्त डावीकडच्या टोकाला बघा. तिथे आमच्यातला सगळ्यात ज्युनियर मुलगा उभा, आणि तो स्पष्ट म्हणतोय, "प्रत्येक बाजूला तीन-तीन जण उभे राहू, दोरी चारपदरी घडी घालून मोजू." एकदा म्हणाला. दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "एक मिनिट थांब रे." तो आवाज माझा होता. त्यानंतर सहा मिनिटं तो एक शब्द बोललेला नाही, नुसती दोरी धरून उभा. बघताना मला कुठे तोंड लपवू झालं, कारण मला ते आठवत पण नव्हतं.

याच्यानंतर जे झालं त्याच्यासाठी मी तीन स्टार देतेय नाहीतर दीड दिला असता. मॅडम म्हणाल्या खेळ पुरे, आता तुमचं शेवटचं फसलेलं काम घ्या. आमच्याकडे ताजंच होतं, एक रिपोर्ट जुने आकडे घेऊन क्लायंटकडे गेला होता आणि महिनाभर एकमेकांवर खापर फोडणं चालू होतं. प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, मला काय माहीत होतं आणि कधी. दोन मिनिटं कुणी पेन उचललं नाही. मग आमच्या साहेबांनी उठून पहिली चिठ्ठी भिंतीवर लावली: "मला मंगळवारी शंका आली होती, विचारलं नाही." झालं, धरण फुटल्यासारख्या चिठ्ठ्या आल्या. रिपोर्ट गुरुवारी गेला, आणि बुधवारी संध्याकाळी आकडे जुने आहेत हे तिघांना माहीत होतं. तिघांनाही वाटलं दुसऱ्याने सांगितलं असेल. सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही म्हणतात ना, ते असं भिंतीवर तारखेसकट.

मॅडमनी मग एमी एडमंडसन या बाईंचं सांगितलं. हॉस्पिटलमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या, अंदाज असा की चांगल्या टीमच्या चुका कमी असणार, तर आकडे उलटे, चांगल्या टीमच्या नोंदलेल्या चुका जास्त. म्हणजे तिथे लोक चुका सांगत होते, बाकीच्या ठिकाणी झाकत होते. १९९९ च्या त्यांच्या पेपरानंतर हा विषय गाजला आणि पुढे गूगलने आपल्या १८० टीम तपासल्या तेव्हा पण न घाबरता बोलता येतं का हेच सगळ्यात वर आलं. दुसरं उदाहरण ऑपरेशनच्या चेकलिस्टचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत १९ गोष्टी आहेत, त्यातली एक म्हणजे कापायच्या आधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. ८ हॉस्पिटलांत ही यादी वापरल्यावर गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर आली असं २००९ ला छापून आलं. सगळं श्रेय नाव सांगण्याला नाही, बाकी १८ गोष्टी पण आहेतच की.

शेवटी एक वैयक्तिक एक्सरसाइज होता. आपलं आजवरचं सगळ्यात मोठं यश लिहा आणि त्यात कुणाकुणाचा हात होता ती नावं लिहा. मी प्रमोशन लिहिलं, दोन नावं लिहिली आणि पेन ठेवलं. मॅडम म्हणाल्या दहा मिनिटं होईपर्यंत ठेवायचं नाही. अकरा झाली. घरातलीच तीन, ज्यांनी मी रात्री उशिरापर्यंत लॅपटॉप घेऊन बसायचे तेव्हा मुलाचा अभ्यास आणि बाकी सगळं ओढलं. आणि एक जुना सहकारी, जो प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री माझी शीट तपासायला बसला आणि एक चुकलेला फॉर्म्युला काढला. तो फॉर्म्युला तसाच राहिला असता तर माझं काय झालं असतं विचारू नका. त्या सहकाऱ्याला मी थँक्यू म्हटल्याचं आठवत नाही.

आता तक्रारी. पहिला दिवस पूर्ण फुकट, घोषणा काढून टाकल्या तर सगळं दीड दिवसात बसेल. २४ ची बॅच खूप मोठी. तीन महिन्यांनी फॉलोअप सेशन कबूल केलं होतं, दोन मेल केले, उत्तर नाही. आणि कहर म्हणजे फीडबॅक फॉर्म. दिवसभर न घाबरता बोला म्हणून शिकवलं आणि फॉर्मवर नाव लिहिणं कंपलसरी, ते पण सर समोर खुर्ची टाकून बसलेले असताना. सगळ्यांनी पाचपैकी पाच दिले. मी पण.

तीन महिन्यांनी काय टिकलं? सर्टिफिकेट ड्रॉवरमध्ये, वाघ-गरुड कुणाला आठवत नाहीत. एक गोष्ट टिकलीय, काम दुसऱ्याच्या हातात देताना "तुला काय कळलं ते सांग बरं" असं विचारायचं आणि त्याने परत सांगायचं, पायलट कंट्रोल टॉवरची सूचना परत म्हणून दाखवतात तसं. सुरुवातीला पोपटपंची वाटली, पण दोनदा चूक तिथेच सापडली. आणि मीटिंगमध्ये आता कुणीतरी दर वेळी त्या ज्युनियर मुलाकडे वळून विचारतं, "तू काही म्हणत होतास का?" तो वैतागतो. परवा म्हणाला, अहो मी खरंच काही म्हणत नव्हतो.

तुमच्या ऑफिसला घ्यायचं असेल तर आधी विचारा ट्रेनर कोण येणार, बारापेक्षा मोठी बॅच घेऊ नका, आणि चिठ्ठ्यांच्या सेशनला साहेबांना बसवाच, ते नसतील तर पैसे परत मागा. फीडबॅक फॉर्म घरी नेऊन भरा.