साडेसातशे रुपयांचा पॉकेट स्टिरिओस्कोप: महिनाभर वापरल्यावर

मी कॉलेजात ३१ वर्षं भूगर्भशास्त्र शिकवलं. प्रयोगशाळेतला स्टिरिओस्कोप, म्हणजे दोन सपाट फोटोंतून खोली दाखवणारं भिंगांचं साधन, निवृत्तीच्या दिवशी तिथेच ठेवून आले आणि नंतर त्याची फार आठवण यायला लागली. गेल्या महिन्यात एक ऑनलाइन मागवला, ७५० रुपयांना. नात नऊ वर्षांची आहे, तिला दाखवायचा होता हे एक कारण. दुसरं म्हणजे मलाच पुन्हा बघायचं होतं.

वस्तू अगदी साधी. पत्र्याची चौकट, तिच्यात दोन भिंगं, खाली तारेचे घडीचे पाय. मिटला की चष्म्याच्या डबीत मावतो. बॅटरी नाही, अ‍ॅप नाही. भिंगं काचेची आहेत, प्लॅस्टिकची नाहीत, हे मी उघडल्याबरोबर नखानं वाजवून पाहिलं. कडेला थोडे रंग फाटतात, पण मधला भाग स्वच्छ. दोन भिंगांतलं अंतर ५५ ते ७५ मिलिमीटरपर्यंत सरकवता येतं आणि ही सोय फार महत्त्वाची. आपल्या बाहुल्यांमधलं अंतर आधी मोजा. माझं ६१ निघालं, नातीनं पट्टी धरून मोजलं. हे न करता बघायला बसलात तर दोन मिनिटांत कपाळ दुखेल आणि दोष बिचाऱ्या वस्तूला द्याल.

वापर असा: एकाच जागेचे थोडं सरकून काढलेले दोन फोटो शेजारी ठेवायचे, म्हणजे डावा डोळा डावा फोटो बघतो, उजवा उजवा. आधी दोन चित्रं दिसतात, मग ती एकमेकांकडे तरंगत येतात, एकमेकांवर बसतात. आणि मग क्षणभर थांबून सपाट कागदातून डोंगर वर येतो. नातीनं भिंगाला डोळे लावले आणि म्हणाली, "आजी, हलवू नकोस हं... थांब... आलं! आलं वर!" तिचा हात आपोआप कागदाकडे गेला, कड्याला हात लावायला. माझ्या विद्यार्थ्यांचे हातही असेच जायचे.

मी स्वतः हे पहिल्यांदा पाहिलं ते १९८२ साली, लोणारच्या हवाई छायाचित्रांच्या जोडीवर. बेसाल्टमध्ये पडलेलं जवळजवळ १.८ किलोमीटर रुंदीचं विवर, आणि मी विमानातून वाकून आत बघतेय असं वाटलं. त्या दिवशी सरांनी न बोलता दोन्ही फोटोंची अदलाबदल केली. विवराचं गोल टेकाड झालं! कागद तेच, शाई तीच. खड्डा कागदावर नव्हताच, तो माझ्या डोक्यात तयार होत होता.

या संचाबरोबर पाच जोड्यांची कार्डं येतात आणि तिथेच पहिली तक्रार. खाणीचं कार्ड छापताना डावं-उजवं उलटं झालंय. खाण उंचवट्यासारखी दिसते आणि तळातले ट्रक माथ्यावर उभे. मी कात्रीनं कार्ड मधोमध कापलं, बाजू बदलल्या, चिकटपट्टी लावली, खाण खाली गेली. विक्रेत्याला कळवलं, अजून उत्तर नाही. पण खरं सांगू, नातीला शिकवायला मला त्या चुकीच्या कार्डाचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. नंतर तिच्या चेहऱ्याची जोडी काढून मुद्दाम उलटी ठेवली, तर नाक आत गेलं नाही! चेहरा बाहेरच आला. चेहरे बाहेर फुगीर असतात हे मेंदूला इतकं पक्कं ठाऊक असतं की तिथे तो डोळ्यांनी आणलेला पुरावा मानतच नाही.

यामागचं काम पहिल्यांदा चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. फोटोग्राफी जगासमोर यायच्या आदल्या वर्षी! त्यांच्याकडे फक्त रेघांची चित्रं आणि दोन आरसे होते. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं मिळतात आणि त्या फरकातूनच खोली दिसते, हे त्यांनी दाखवून दिलं.

पाचवं कार्ड नुसत्या ठिपक्यांचं आहे. दोन्ही चौकोनांत रांगोळीची पूड सांडल्यासारखे ठिपके, कुठल्याही एका डोळ्यानं बघा, काही म्हणजे काही नाही. दोन्हींनी बघितलं की मधला चौकोन कागदापासून सुटून वर तरंगतो. अशी चित्रं बेला यूलेश या संशोधकांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्स या प्रयोगशाळेत १९६०च्या सुमारास संगणकावर तयार केली. आधी वस्तू ओळखायची आणि मग तिची खोली ठरवायची, असा क्रम मेंदूला लागतच नाही, हे त्यातून सिद्ध झालं. पैसे या एका कार्डात वसूल होतात.

हे जुळवणं होतं कुठे? दोन्ही डोळ्यांचे नाकाकडच्या बाजूचे तंतू मेंदूच्या तळाशी एकमेकांना ओलांडतात. त्यामुळे समोरच्या दृश्याचा डावा अर्धा भाग दोन्ही डोळ्यांतून उजव्या मेंदूत पोचतो आणि उजवा अर्धा डाव्यात. वाटेतल्या ठाण्यावर सहा थर असतात, एकेक थर एकाच डोळ्याचा, म्हणजे तिथवर दोघांचा संसार वेगळाच. डोक्याच्या मागच्या बाजूला, मेंदूच्या सालीत पोचल्यावर पहिल्यांदा अशा पेशी भेटतात ज्या दोन्ही डोळ्यांचं ऐकतात. त्यातल्या काही दोन डोळ्यांच्या चित्रांमधल्या ठरावीक फरकालाच प्रतिसाद देतात. १९६७ साली मांजरांच्या मेंदूत त्या सापडल्या.

आता कार्डात नसलेला प्रयोग सांगते, जरूर करा. दोन चौकोन काढा, दीड-दीड इंचाचे. डाव्यात लाल आडव्या रेघा, उजव्यात हिरव्या उभ्या. भिंगाखाली ठेवा. वाटेल की जाळी दिसेल. दिसत नाही! दोन-तीन सेकंद लाल, मग हिरवं कुठून तरी शिरतं, वाळत घातलेल्या लुगड्यावरून ढगाची सावली सरकावी तसं, आणि लाल संपूर्ण नाहीसं होतं. पुन्हा लाल. मी दात आवळून लाल धरून ठेवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. कागदावर काही हललेलं नाही, दोन्ही डोळ्यांत दोन्ही चित्रं सतत पोचताहेत, बदलतं ते फक्त मला जाणवणारं. याच युक्तीनं निकोस लोगोथेटिस या मेंदूशास्त्रज्ञांनी माकडांना कळ ओढून 'आता काय दिसतंय' ते सांगायला शिकवलं आणि त्याच वेळी मेंदूतल्या पेशींचे विद्युत संकेत ऐकले. डोक्याच्या मागच्या बाजूच्या त्या सालीतल्या थोड्याच पेशी माकडाच्या उत्तराबरोबर बदलत होत्या. पुढे कानशिलाकडच्या भागात मात्र बहुतेक सगळ्या. म्हणजे डोळ्यांत पडतं ते आणि आपल्याला दिसतं ते, या दोन गोष्टी मेंदूच्या वाटेवर हळूहळू वेगळ्या होत जातात.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. हे सगळ्यांना दिसत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाला मी दोनदा "नीट लक्ष देऊन बघ" म्हणाले, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, दिसलं." बऱ्याच वर्षांनी मेळाव्यात भेटला तेव्हा म्हणाला, "मॅडम, मला काहीच दिसत नव्हतं. सगळे दिसलं म्हणत होते म्हणून मीही म्हणालो." त्याचा एक डोळा लहानपणापासून आळशी होता, कुणी तपासलाच नव्हता. मला आजही त्याचं वाईट वाटतं. ह्यूबेल आणि वीझल या मेंदूशास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीच्या आठवड्यांत बंद ठेवला, तर मेंदूतल्या पेशींनी त्या डोळ्याचं ऐकणंच सोडलं. १९८१चं नोबेल त्यांना मिळालं त्यात हे कामही होतं. तेव्हा तुमच्या मुलाला अंतर नीट लावूनही डोंगर वर येताना दिसला नाही, तर त्याच्यावर डाफरू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. लहानपणी उपचार झालेले चांगले. मोठेपणी दार अगदीच बंद होतं असंही नाही. सूझन बॅरी या मेंदूविज्ञानाच्या प्राध्यापिका लहानपणापासून तिरळ्या होत्या, त्यांना डोळ्यांचे व्यायाम करून ४८व्या वर्षी खोली दिसायला लागली.

दुसरी तक्रार पायांची. डावीकडचा मागचा पाय सैल आहे, मी दोरा गुंडाळून घट्ट केला. भिंगाला झाकण नाही, जुन्या मऊ साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवा. पाचपैकी चार तारे देते, एक कापला तो छपाईच्या निष्काळजीपणासाठी.

आणि कार्डांवर अडून राहू नका. फोन घ्या, डाव्या पायावर भार टाकून एक फोटो, उजव्यावर टाकून दुसरा, दोन्ही सहा-सहा सेंटिमीटर रुंद छापा. आमची पहिली जोडी अंगणातल्या तुळशीची आहे. एक मंजिरी कागद सोडून सरळ माझ्या नाकाशी येते, आणि तिच्यामागे वृंदावनाचा कोनाडा, त्यात पणती, पार आत.