टाचेतले चार थेंब: छोटी तपासणी करावी की विस्तृत?

बाळंतपणाचा थकवा उतरलेला नसतो आणि कोणीतरी विचारतं, 'नवजात चाळणी तपासणी करायची ना? छोटी की मोठी?' बाळाच्या टाचेतले रक्ताचे थेंब कागदावर वाळवून, वरून न दिसणारे जन्मजात आजार शोधायची ही तपासणी. उत्तर तिथल्या तिथे द्यावं लागतं. त्यामुळे हा विचार गरोदरपणातच झालेला बरा.

'बाळ छान दिसतंय, काही वाटलं तर बघू,' हा पर्याय मी तुलनेत धरतच नाही. चयापचयाचे आनुवंशिक आजार असलेली बाळं जन्मतः बहुधा छानच दिसतात, कारण पोटात असताना वारेमार्फत आईचं शरीर नको ती द्रव्यं काढून टाकत असतं. घराण्यात कोणाला नाही, यावरही विसंबू नका. यातल्या बहुतेक आजारांत आईवडील दोघंही निरोगी वाहक असतात, म्हणजे सदोष जनुक बाळगूनही स्वतः आजारी नसतात, आणि प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते.

छोट्या तपासणीत मोजके आजार असतात: सहसा जन्मजात थायरॉइडची कमतरता, अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा विकार, जी६पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या विकराची कमतरता, कुठे गॅलॅक्टोसेमिया (दुधातल्या साखरेतला गॅलॅक्टोज शरीराला वापरता न येणं) आणि फेनिलकीटोन्युरियाही (फेनिलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल शरीरात साठत जाणं). थायरॉइडची कमतरता बहुतेकदा आनुवंशिक नसते, पण यादीत तिचं स्थान सर्वांत पक्कं. पहिल्या दोन आठवड्यांत रोजची एक गोळी सुरू झाली तर मेंदूची वाढ वाचते. यादी छोटी असली तरी या तपासणीला कमी लेखू नका.

विस्तृत तपासणीत त्याच वाळलेल्या थेंबातून टॅन्डम मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्राने, अमिनो आम्लं आणि अ‍ॅसिलकार्निटिन (चरबीच्या चयापचयातली द्रव्यं) एकदम मोजली जातात, आणि 40 किंवा त्याहून अधिक विकारांचा संशय घेता येतो. 1960च्या दशकात अमेरिकी संशोधक रॉबर्ट गथ्री यांनी फिल्टर पेपरवरच्या रक्तातून फेनिलकीटोन्युरिया शोधण्याची पद्धत रुळवली, तेव्हा एका चाचणीत एकच आजार कळायचा. विस्तृत यादीतल्या एमकॅडसारख्या (चरबीपासून ऊर्जा बनवण्यातला दोष) विकारात तर बाळ धडधाकट असतं. एखाद्या तापात खाणं तुटलं की साखर कोसळते आणि जीवावर बेततं. आधी माहीत असेल तर उपाशी न ठेवणं, हाच मुख्य उपचार!

मात्र या यंत्राला थायरॉइड दिसत नाही. म्हणून विस्तृत तपासणी निवडताना 'यात छोटीतल्या सगळ्या चाचण्या आहेत ना?' हे विचाराच. लघवीची तपासणीही रक्ताच्या थेंबाची जागा घेत नाही.

विस्तृत तपासणीत खोटे इशारेही जास्त येतात. पुन्हा नमुना, पुन्हा वाट पाहणं, आईच्या जिवाला घोर. चाळणी म्हणजे निदान नव्हे, हे तेव्हा घट्ट धरून ठेवावं लागतं. तरीही परवडत असेल तर माझा कल विस्तृतकडेच आहे. आईवडील नात्यातले असतील किंवा आधीचं मूल कारण न कळता गेलं असेल, तर मी आग्रहच धरेन. अशा घरात चाळणीवर न थांबता जन्माआधीच आनुवंशिकतज्ज्ञांना भेटावं.

यादीइतकीच वेळही महत्त्वाची. नमुना जन्मानंतर साधारण 24 ते 72 तासांत घ्यावा. त्याआधी थायरॉइडचा आकडा उगाच चढा दिसतो आणि काही द्रव्यं अजून साठलेलीच नसतात. रक्त चढवायचं असेल तर नमुना त्याआधी घ्यावा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा सहसा पुन्हा घ्यावा लागतो.

मेपल सिरप युरिन डिसीजमध्ये (काही अमिनो आम्लं न मोडता शरीरात साठण्याचा आजार) बाळ पहिल्या आठवड्यातच ढासळू शकतं. महिनाभराने येणारा अहवाल त्याच्या काय कामाचा? म्हणून अहवाल कोणत्या तारखेला मिळेल आणि काही आढळलं तर फोन कोण करेल, हे घरी जाण्याआधी लिहून घ्या. मधल्या दिवसांत बाळ दूध ओढेनासं झालं, सुस्त पडलं किंवा सारखं ओकू लागलं, तर अहवालाची वाट न पाहता दवाखाना गाठा.