फोटो न मागणारी साइट: एका ऑनलाइन सेंटरवाल्याचा अनुभव

खानापुरात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन सेंटर आहे. उतारा, जातीचा दाखला, पॅन, मध्यंतरी कर्नाटक सरकारची गृहलक्ष्मी योजना, सगळे फॉर्म भरून झाले. कुठली साइट माणसाला रडवते हे मला काउंटरवर बसून कळतं. आज जिच्याबद्दल लिहितोय ती भरायला मात्र मी काउंटरवर बसलोच नाही.

स्टॉप एनसीआयआय डॉट ओआरजी. आपले खासगी फोटो आपल्या मर्जीशिवाय कुणी पसरवू नयेत म्हणून ब्रिटनमधली एक धर्मादाय संस्था ती चालवते. डिसेंबर २०२१ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगी आली (गावं वगैरे बदलून लिहितोय). दुकान रिकामं व्हायची वाट बघत तिनं एकाच कागदाच्या तीनदा झेरॉक्स काढल्या. साखरपुडा होऊन मोडलेला, मुलगा चंदगडकडचा. विश्वासानं पाठवलेले दोन फोटो आता 'इन्स्टाला टाकतो' म्हणून तो धमकावत होता. तिनं फोन अनलॉक करून माझ्यापुढं ठेवला. "दादा, तुम्हीच कायतरी करा."

मी फोन उलटा ठेवला. बघायचं नाही एवढं लगेच सुचलं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर ते फोटो घेतले असते तर आणखी एक कॉपी मीच करून ठेवली असती, हे मात्र साइट वाचल्यावर लक्षात आलं. कारण तिथं फोटो अपलोड करायचाच नसतो. ज्या फोनमध्ये तो आहे त्याच फोनवर त्याचा एक लांबलचक कोड तयार होतो, त्याला हॅश म्हणतात. फक्त तो कोड पुढं जातो. फेसबुक, इन्स्टाग्राम, रेडिट, स्नॅपचॅट अशा सामील कंपन्या त्यांच्याकडं येणारे फोटो त्या कोडशी ताडून बघतात आणि जुळला तर आपल्या नियमानुसार काढतात. म्हणजे फोटो पसरायच्या आधीसुद्धा ही सोय वापरता येते.

संध्याकाळी ती आमच्या घरी आली. बायको तिच्याशेजारी आत बसली आणि मी बाहेर कट्ट्यावर. मी माझ्या फोनवर तीच साइट उघडून इंग्रजी प्रश्न वाचायचो, मराठीत ओरडून सांगायचो. फोटोत तुम्हीच आहात का? फोटो काढला तेव्हा वय अठराच्या वर होतं का? शेजारच्या काकू डोकावल्या, तेव्हा "शिष्यवृत्तीचा फॉर्म" म्हणून सांगितलं. आधार नको, पॅन नको, ओटीपी नको. इतक्या वर्षांत असा फॉर्म बघितला नव्हता.

मध्येच आतून आवाज आला, "खरं दादा, तिकडचे लोक बघूलेत काय फोटो?" मी म्हटलं, कारखान्याच्या काट्यावर पावती मिळते ना? पावतीवरून गाडी ओळखता येते, पावतीतून ऊस काढता येत नाही. बायको हसली. ती मुलगीही हसली असावी.

एक घोळ झाला होता. घाबरून तिनं फोटो आधीच डिलीट केले होते आणि फोटो हाताशी नसेल तर कोड बनत नाही. गॅलरीच्या कचरापेटीत सापडले, बऱ्याच फोनमध्ये तिथं ३० दिवस राहतात. तेव्हा घाईनं पुसू नका. धमकीचे मेसेजही ठेवा, पुरावा तोच आहे.

शेवटी केस नंबर आणि पिन मिळतो. पिन हरवला तर परत मिळत नाही. तिनं तो बायकोच्या पाककृतीच्या वहीत, कुंद्याच्या पानावर, लिहून ठेवलाय.

आता उणं काय ते. व्हॉट्सअपवर एकमेकांना गेलेला फोटो हिच्या हाती लागत नाही, आणि आमच्याकडं गावाची अब्रू काढायचं ठिकाण तेच आहे. फोटो बराच कापला-बदलला तर कोड जुळेलच असं नाही. सामील नसलेल्या साइटवर उपयोग नाही. वय अठराच्या आतलं असेल तर अमेरिकेतल्या संस्थेची 'टेक इट डाउन' ही वेगळी सेवा आहे.

आणि ही साइट म्हणजे पोलीस नव्हे. त्यासाठी सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन हे सरकारी तक्रारीचं पोर्टल आहे, बेळगावात सायबर गुन्ह्यांचं सीईएन ठाणं आहे. चंदगड महाराष्ट्रात, खानापूर कर्नाटकात, मग तक्रार कुठं? हद्द कुणाचीही असो, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. सीमाप्रश्न निदान इथं तरी आड येत नाही. "तिनंच पाठवला ना?" म्हणणाऱ्यांसाठी: भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ च्या स्पष्टीकरणात लिहिलंय की फोटो काढायला संमती दिली तरी ती दुसऱ्यांना वाटायला दिली असं होत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क, असा निकाल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं दिला तोही आपल्याच कर्नाटकच्या निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामींच्या अर्जावर.

पाचातले चार स्टार. एक कापला तो व्हॉट्सअपपायी.

त्या रात्री माझा डाउनलोड फोल्डर उघडून बसलो. शेकडो आधार, पासबुकं, लग्नाच्या स्थळांसाठी दिलेले मुलींचे फोटो, कुणाकुणाचे दवाखान्याचे रिपोर्ट. कुणी पुसायला सांगितलं नव्हतं, मीही पुसलं नव्हतं. आता काउंटरवर मराठीत आणि कन्नडमध्ये पाटी आहे: 'काम झाल्यावर आपली फाईल पुसून घ्यावी.' पहिल्यांदा विचारलं ते एका म्हाताऱ्यानं, "पुसली म्हणजे गेली कुठं?" मी रिसायकल बिन उघडून दाखवला. त्याचा उतारा तिथंच पडला होता.