वांगासाठी पील केलं रत्नागिरीत, कसं वाटलं ते सांगते

दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांगाचे डाग आले आणि त्यात आमचा आंबापोळीचा धंदा, म्हणजे एप्रिल-मे अख्खा उन्हात. ज्या स्किन क्लिनिकला गेले तिथलं मला सगळ्यात काय पटलं तर डॉक्टर मॅडमनी मे महिन्यात पील (अ‍ॅसिड लावून त्वचेचा वरचा थर काढणं) करायला सरळ नाही म्हटलं. आंबापोळी उरकू दे, पाऊस लागला की या, तोवर रात्री ही क्रीम आणि दिवसा सनस्क्रीन. आपल्या सावळ्या त्वचेला पीलनंतर ऊन लागलं किंवा अ‍ॅसिड जास्त झालं तर जिथे जळजळलं तिथेच नवीन काळा डाग उठू शकतो, म्हणून आधी त्वचा तयार करतात, आणि पील जवळ आलं की रेटिनॉलवाली क्रीम, थ्रेडिंग, ब्लीच सगळं बंद. पार्लरवाली हे विचारते का?

पील स्वतः काही मिनिटांचं. 30 टक्के ग्लायकोलिक अ‍ॅसिड लावलं, चरचरलं बऱ्यापैकी, मॅडम घड्याळ बघत शेजारीच उभ्या होत्या, मग अ‍ॅसिडचा असर थांबवणारं न्यूट्रलायझर आणि थंड पाणी, झालं.

खरं काम घरी आल्यावर. आधी लाली, मग चेहरा ताणल्यासारखा, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोंडाभोवती साल सुटायला लागते, ती ओढायची नाही म्हणजे नाही. स्क्रब नको, लिंबू-बेसन तर अजिबात नको, साधा फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, ढग असले तरी, कारण ढगातूनही यूव्ही येतंच. मला टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन दिलं, त्यातलं आयर्न ऑक्साइड नुसत्या उजेडालाही अडवतं, वांगाला ते लागतं. सकाळचा मासळी बाजार सासूबाईंनी घेतला म्हणून निभावलं. आठवड्याभरात चेहरा नेहमीसारखा.

काही सिटिंग झाल्यावर डाग बरेच फिके झालेत, गेले नाहीत. सनस्क्रीन सोडलं की परत येतात हे मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलेलं, त्यामुळे फसवल्यासारखं वाटलं नाही. प्रेग्नंट असाल, मुरुमांच्या आयसोट्रेटिनोइन गोळ्या चालू असतील किंवा ओठावर वारंवार ‘जर’ म्हणजे पाण्याचे फोड येत असतील तर आधीच सांगा. आणि ऑनलाइन मिळणाऱ्या स्ट्राँग पीलच्या बाटल्या घरी लावू नका, प्लीज.

तक्रार एकच, अपॉइंटमेंट असूनही खूप ताटकळावं लागतं, लहान मूल घेऊन जाऊ नका.