गाडी बंद, फॅन चालूच! कलिन्याच्या वायरमनचा अनुभव

आमची गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, पंधरा वर्षं झाली म्हणून रीपासिंग करून घेतलेली. ह्या पावसाळ्यात भानगड सुरू झाली, चावी काढली तरी बॉनेटखाली रेडिएटरचा फॅन घोंघावतोच आहे. आधी लक्ष नाही दिलं, कारण ह्या गाडीत फॅनला सप्लाय डायरेक्ट बॅटरीचा आहे, हायवेच्या जॅममधून आलो की पार्क केल्यावर दोन-चार मिनिटं फिरतो आणि आपला आपण बंद होतो, ते नॉर्मलच. पण एकदा रात्री साडेअकराला वॉचमनकाका वर आले, "साहेब, गाडी चालू ठेवून आलात काय?" खाली जाऊन बघतो तर दोन तास झालेत, बॉनेट हाताला गार लागतंय आणि फॅन जोरात. बॅटरीचं टर्मिनल काढून झोपलो. सकाळी लावलं तर फॅन गप्प, पण सेल्फ मारला की नुसतं टक टक टक. होणारच ना, फॅन दहा-बारा अँपिअर तरी खातो, पस्तीस अँपिअर-अवरची बॅटरी किती तग धरणार.

घराजवळचा गॅरेजवाला (नाव नको) म्हणाला फॅनची अख्खी असेंब्ली बदला, ५८०० रुपये. अरे बाबा, फॅन फिरतोय हीच तर तक्रार आहे, जो फिरतोय तोच कशाला बदलू??

मग ऑफिसमधल्या एकाने सीएसटी रोडचा एक ऑटो इलेक्ट्रिशियन सांगितला, कलिन्याच्या बाजूला, छोटा गाळा, वय झालेले चाचा, मराठी अगदी पक्कं मुंबईचं. माझं नशीब असं की ट्रॅफिकमधून तिथे पोचलो आणि गाडी बंद केली तर फॅन चालूच, थांबायचं नाव नाही. चाचांनी घाई नाही केली, चहा संपवला, दहा मिनिटांनी रेडिएटरच्या होजला हात लावून बघितला, मग खाली वाकून रेडिएटरच्या टेम्परेचर स्विचचा (पाणी तापलं की फॅन चालू करायला सांगतो तो) प्लग काढला. फॅन चालूच. "म्हणजे स्विच बेकसूर आहे" म्हणाले आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने रिलेवर (स्विचच्या इशाऱ्यावर फॅनचा करंट चालू-बंद करणारी छोटी डबी) हलकीशी टकटक केली. फॅन बंद! मी बघतच राहिलो.

रिले उघडून दाखवला, आतले पॉइंट काळे पडून एकमेकांना चिकटत होते आणि फ्यूज बॉक्सच्या तळाला हिरवट गंज, कुठून तरी पावसाचं पाणी आत जात होतं. नवा चाळीस अँपिअरचा रिले, पिना घासून साफ, झाकणाचं रबर नीट बसवलं, सगळं मिळून ४५० रुपये.

मला वाटलं आता आलोच आहे तर बंद केल्यावर पाच मिनिटं फॅन चालवणारा टायमर पण लावून घ्यावा, इंजिन लवकर गार होईल. पैसे मिळत असून चाचा नको म्हणाले हे मला जाम आवडलं. त्यांचं म्हणणं, तुमच्या गाडीत पाण्याचा पंप बेल्टवर आहे, इंजिन थांबलं की पंप थांबला, मग फॅन फक्त रेडिएटरमधलं पाणी गार करतो, इंजिनच्या ब्लॉकमधलं जागच्या जागी तापत बसतं, म्हणून तर बंद केल्यावर थोडा वेळ टेम्परेचर उलट वर जातं. त्यापेक्षा लांबून आलात की एसी बंद करून मिनिटभर आयडलवर ठेवा आणि मग चावी काढा. आणि जाताना दम दिला, गाडी बंद असली तरी गरम असताना फॅनजवळ बोटं न्यायची नाहीत, कधीही सुरू होईल.

तक्रारी पण आहेत. पार्किंग शून्य, अर्धी गाडी रस्त्यावर आणि मागून बेस्टचा हॉर्न. पक्कं बिल नाही, वॉरंटी तोंडी सहा महिन्यांची. दोन तास उभाच होतो, बसायला एक स्टूल आणि त्यावर कुणाची तरी बॅटरी. पाचपैकी चार देतो. तीन आठवडे झालेत, आता फॅन पार्क केल्यावर तीनेक मिनिटांत थांबतो, वॉचमनकाका तरी रोज विचारतातच, "आज बंद केली ना?"