न्यूयॉर्क शहराचे प्रमाणपत्र विकणाऱ्या सल्लागारांपासून सावध राहा

न्यूयॉर्क शहराच्या कंत्राटांमध्ये अल्पसंख्याक समाजांतील व्यक्तींच्या आणि महिलांच्या मालकीच्या उद्योगांना वाटा मिळावा, यासाठी शहराने 2005 मध्ये कायदा केला आणि 2013 मध्ये त्याची व्याप्ती वाढवली. या योजनेला इकडे ‘एम-डब्ल्यू-बी-ई’ म्हणतात. तिचा लाभ घेण्यासाठी शहराचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. भारतीय वंशाचे उद्योजक तिच्यासाठी पात्र ठरतात. न्यू जर्सीतील बर्गन, हडसन आणि पसाइक या तीन काउंट्यांमधील व्यवसायांनाही अर्ज करता येतो आणि या भागात मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यामुळेच येथे घडलेला प्रकार सविस्तर लिहीत आहे.

जर्सी सिटीमध्ये माझा छपाईचा आणि फलक तयार करण्याचा छोटा व्यवसाय आहे. एका उद्योजक मेळाव्यात एका सल्लागाराची ओळख झाली. तो भारतीय होता, शहराच्या खरेदी विभागांची नावे आणि नियम त्याला तोंडपाठ होते, आणि आपण अनेकांना प्रमाणपत्र मिळवून दिल्याचे तो सांगत असे. त्याने अडीच हजार डॉलर शुल्क सांगितले, त्यातील निम्मे आगाऊ घेतले, आणि ‘आशियाई महिलांचा कोटा’ लवकरच भरणार असल्याने अर्ज याच महिन्यात गेला पाहिजे, असा आग्रह धरला.

हे सारे खोटे होते. प्रमाणपत्र शहराचा लघुउद्योग सेवा विभाग देतो आणि त्यासाठी एक डॉलरही आकारत नाही. प्रमाणपत्रांची संख्या ठरलेली नसते, त्यामुळे कोटा भरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. व्यवसायाची किमान 51 टक्के मालकी आणि प्रत्यक्ष नियंत्रण पात्र व्यक्तीकडे असावे, ती व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावी, आणि व्यवसाय किमान एक वर्ष चालू असावा, या मुख्य अटी आहेत. अर्ज कसा भरावा हे शिकवणाऱ्या विनामूल्य कार्यशाळा तोच विभाग घेतो.

पैशांपेक्षा गंभीर गोष्ट पुढे घडली. सल्लागाराने माझी कर विवरणपत्रे, बँकेची खातेपत्रके, ग्रीन कार्डाची प्रत आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकेत कर आणि कर्जासाठी वापरला जाणारा ओळख क्रमांक) मागून घेतला, आणि शहराच्या संकेतस्थळावरचे खाते मात्र स्वतःच्या ईमेल पत्त्यावर उघडले. विभागाने अधिक कागदपत्रे मागितली ती त्याच्याकडे, मुदत संपत आल्याची सूचना गेली तीही त्याच्याकडेच, आणि उत्तर न मिळाल्यामुळे अर्ज बंद झाला तेव्हा मला त्याचा पत्ताही नव्हता. उलट त्याच सुमारास त्याने सोनेरी शिक्क्याचे एक सुबक प्रमाणपत्र पाठवले आणि उरलेले पैसे घेतले. ते कोणत्या तरी खासगी यादीतील सदस्यत्वाचे होते. शहराच्या एका खात्याला दरपत्रक देताना तेथील अधिकाऱ्यांनी सार्वजनिक यादी उघडून दाखवली, तेव्हा त्यात आमच्या व्यवसायाचे नाव नसल्याचे उघड झाले. ही यादी कोणालाही ऑनलाइन पाहता येते. सल्लागार ज्यांना प्रमाणपत्र मिळवून दिल्याचे सांगतो, त्यांची नावे तिच्यात शोधणे हे दोन मिनिटांचे काम आहे.

जाब विचारल्यावर त्याने दुसरा प्रस्ताव मांडला, आणि सर्वांत जास्त सावध राहायचे ते याच टप्प्यावर. आपण पुन्हा अर्ज करू, प्रमाणपत्र आले की एक मोठा कंत्राटदार तुमच्या नावाने बिले काढेल, तुम्ही काहीही न करता पाच टक्के घ्या, असे त्याचे म्हणणे होते. मी ते तत्काळ नाकारले. काम दुसऱ्याने करायचे आणि प्रमाणित उद्योगाचे नाव केवळ कागदावर दाखवायचे, याला येथे गुन्हेगारी स्वरूपाची फसवणूक मानतात. न्यूयॉर्कमधील सार्वजनिक बांधकामांत अशाच प्रकारे नावे वापरल्याच्या प्रकरणात 2010 साली एका मोठ्या बांधकाम कंपनीने 2 कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले होते. आपल्या लोकांना हा मार्ग ‘सगळेच करतात’ असे सांगून दाखवला जातो, याची मला मनापासून चीड येते; कारण चौकशी सुरू झाली की सही असते ती लहान मालकाची, आणि ज्याचे इथले वास्तव्यच ग्रीन कार्डावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी हा धोका केवळ दंडापुरता राहत नाही.

पैसे परत मिळाले नाहीत. करारात बारीक अक्षरांत ‘सल्ल्याचे शुल्क, परत न मिळणारे’ असे लिहिले होते, आणि बँकेने त्याच आधारावर माझा दावा फेटाळला. शहराच्या तपास विभागाकडे आणि फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचे संरक्षण करणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे मी तक्रार नोंदवली आहे. त्यानंतर स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवरून नवा अर्ज भरला. व्यवसायाचे निर्णय कोण घेते, धनादेशांवर सही कोणाची असते, भांडवल कोठून आले, असे नेमके प्रश्न विचारले गेले, आणि व्यवसाय रोज चालवणाऱ्या मालकाखेरीज कोणीही त्यांची नीट उत्तरे देऊ शकला नसता. पाच वर्षांसाठी वैध असलेले प्रमाणपत्र विनामूल्य मिळाले. त्यामुळे कंत्राट आपोआप मिळत नाही. दर द्यावेच लागतात आणि कामही मिळवावेच लागते.

अशा कोणाला सोशल सिक्युरिटी क्रमांक आधीच दिला असेल, तर इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जव्यवहारांची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही संस्थांकडे आपली क्रेडिट नोंद गोठवून घ्यावी, म्हणजे तुमच्या नावाने दुसऱ्याला सहजासहजी कर्ज काढता येणार नाही. 2018 पासून त्यासाठी शुल्क लागत नाही. अमेरिकेच्या आयकर खात्याकडून ओळख-संरक्षण पिन घ्यावा, म्हणजे तुमच्या नावाने दुसऱ्या कोणालाही विवरणपत्र भरता येणार नाही. आणि शहराच्या संकेतस्थळावरील खाते दुसऱ्याच्या ईमेलशी जोडलेले असेल, तर विभागाला लेखी कळवून ते स्वतःच्या ताब्यात घ्यावे.